नियम आणि निर्णय : स्पर्धात्मक ब्रिजमधील ‘एकूण हातांच्या नियमा’ची चिकित्सा

गोषवारा

काँट्रॅक्ट ब्रिज या खेळात दोन्ही पक्ष बोली लावत असताना पुढे बोलावे, थांबावे की डबल द्यावे, हा निर्णय सर्वांत कठीण मानला जातो. या निर्णयाला आधार म्हणून फ्रेंच लेखक ज्याँ-रेने व्हेर्न यांनी ‘एकूण हातांचा नियम’ मांडला. लॅरी कोहेन यांनी तो लोकप्रिय केला, तर माइक लॉरेन्स व अँडर्स विर्ग्रेन यांनी त्याचे खंडन केले. प्रस्तुत निबंधात या तिन्ही मांडण्यांचा परामर्श घेऊन, नियमाची अचूकता व नियमाची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि निर्णयशक्तीची जागा कोणतेही सूत्र घेऊ शकत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : काँट्रॅक्ट ब्रिज, बोली, हुकूम, एकूण हातांचा नियम, निर्णयशक्ती.

१. प्रस्तावना

पत्त्यांच्या खेळांकडे आपल्याकडे बहुधा करमणूक किंवा व्यसन या दोनच दृष्टींनी पाहिले जाते. ब्रिज मात्र याला अपवाद ठरतो. या खेळाची आजची गुणपद्धती १९२५ साली हॅरॉल्ड वँडरबिल्ट यांनी एका सागरप्रवासात सिद्ध केली, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्यावर एक विपुल व गंभीर विचारवाङ्मय निर्माण झाले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथे प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने सुवर्णपदक मिळविल्यामुळे या खेळाची दखल आपल्या वृत्तपत्रांनाही घ्यावी लागली. तथापि त्याच्या विचारपक्षाची चर्चा मराठीत क्वचितच होते.

ब्रिजमध्ये समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. प्रत्येकाला तेरा पाने मिळतात. चार जणांनी एकेक पान टाकले की एक ‘हात’ होतो. म्हणजे एकूण हात तेरा. खेळापूर्वी बोली होते. ‘तीन बदाम’ ही बोली म्हणजे बदाम हुकूम धरून सहा अधिक तीन, असे नऊ हात करण्याची हमी होय. बोली पूर्ण झाली तर गुण मिळतात, हुकली तर प्रतिपक्षाला मिळतात. प्रतिपक्षाने ‘डबल’ दिल्यास हे देणेघेणे वाढते. भिडूला स्वतःच्या पानांची माहिती केवळ बोलीतूनच देता येते. शब्द, हावभाव वा खूण यांना तेथे मज्जाव असतो. म्हणून बोली ही एकाच वेळी भाषा असते आणि पैजही असते.

केवळ एकच पक्ष बोलत असेल तर प्रश्न तुलनेने सोपा राहतो. एक्का ४, राजा ३, राणी २ व गुलाम १ ही मिल्टन वर्क यांच्या नावाशी निगडित मोजणी चार्ल्स गोरेन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ केली, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून बोलीची उंची ठरविण्याची पद्धत प्रस्थापित झाली. परंतु दोन्ही पक्ष आपापल्या रंगात बोली चढवू लागले की ही मोजणी अपुरी पडते. कारण मग प्रश्न ‘आपले किती हात होतील’ एवढाच उरत नाही. ‘त्यांचे किती होतील’ हा दुसरा प्रश्न त्याला जोडून येतो.

२. व्हेर्न यांची मांडणी

हे दोन प्रश्न एकत्र विचारणे, हे व्हेर्न यांचे खरे योगदान होय. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या फ्रेंच ग्रंथात व पुढे १९६९ साली ‘द ब्रिज वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकातील लेखात त्यांनी असे दाखविले की, प्रत्येक पक्षाने आपला सर्वांत लांब रंग हुकूम केला असता दोन्ही पक्षांना मिळू शकणाऱ्या हातांची बेरीज ही दोन्ही पक्षांच्या हुकमांच्या बेरजेइतकी असते. एका पक्षाकडे इस्पिकची नऊ पाने व दुसऱ्याकडे बदामाची आठ पाने असतील, तर एकूण हुकूम सतरा. म्हणून एकूण हातही सुमारे सतरा.

प्रथमदर्शनी हे विधान विलक्षण वाटते. त्यामागील तर्क मात्र साधा आहे. समजा, दक्षिणेकडे एखाद्या रंगाचे एक्का व राणी आहेत आणि राजा प्रतिपक्षाकडे आहे. राजा दक्षिणेच्या आधी खेळणाऱ्या पूर्वेकडे असेल तर तो सापडतो, आणि दक्षिण-उत्तर पक्षाचा त्या रंगात एकही हात जात नाही. तोच पश्चिमेकडे असेल तर एक हात जातो. आता प्रतिपक्षाच्या बाजूने पाहू. त्यांनी आपला हुकूम खेळला असता पूर्वेकडचा राजा निरुपयोगी ठरतो व त्यांचे दोन हात जातात. पश्चिमेकडचा राजा एक हात मिळवून देतो. राजा कोठेही असो, एका पक्षाचा जेवढा लाभ तेवढाच दुसऱ्याचा तोटा होतो आणि बेरीज अबाधित राहते. मोठ्या पानांच्या जागेबद्दलची अनिश्चितता बेरजेतून अशी वजा होते. जे ठाऊक नाही ते ठाऊक असण्याची गरजच उरू नये, अशी ही युक्ती आहे आणि तिचे बौद्धिक सौंदर्य मान्य केलेच पाहिजे.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. व्हेर्न यांनी आपला नियम निरपवाद म्हणून मांडला नव्हता. दोन रंगांत जुळणी असणे, हुकमाची मोठी पाने कोणाकडे आहेत, आणि उरलेल्या रंगांची विभागणी कशी आहे, या तीन बाबींनुसार बेरजेत दुरुस्ती करावी, असे त्यांनीच सांगितले होते. नियमाच्या पुढील प्रवासात या दुरुस्त्यांचे काय झाले, हा या चर्चेतील महत्त्वाचा धागा आहे.

३. कोहेन : नियमाचे लोकाभिमुख रूप

हा नियम सामान्य स्पर्धकांच्या हाती दिला तो लॅरी कोहेन यांनी. ‘टू बिड ऑर नॉट टू बिड’ हे त्यांचे १९९२ चे पुस्तक ब्रिजवाङ्मयातील अत्यंत प्रभावी पुस्तकांपैकी एक होय. त्यातील व्यवहारोपयोगी सूत्र असे की, आपल्या पक्षाकडे जेवढे हुकूम तेवढ्या हातांच्या बोलीपर्यंत स्पर्धेत जावे. आठ हुकूम असतील तर दोनची बोली, नऊ असतील तर तीनची, दहा असतील तर चारची. गुण किती आहेत याला त्यात दुय्यम स्थान आहे. कोहेन यांचे भिडू मार्टी बर्गन यांनी रूढ केलेली, चार हुकूम असताना कमजोर पानांवरही एकदम तीनपर्यंत उडी घेण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे.

या सूत्राचे सामर्थ्य आकड्यांनी स्पष्ट होते. आपल्याकडे नऊ इस्पिक, प्रतिपक्षाकडे नऊ बदाम, एकूण अठरा हुकूम आहेत आणि प्रतिपक्षाने तीन बदाम बोलले आहेत, असे समजू. कोणताही पक्ष व्हल्नरेबल, म्हणजे वाढीव दंडाच्या स्थितीत नाही. त्यांचे नऊ हात होत असतील तर आपलेही नऊ होतात. गप्प बसल्यास १४० गुण जातात, तीन इस्पिक बोलल्यास १४० मिळतात. त्यांचे दहा होत असतील तर आपले आठ होतात. गप्प बसल्यास १७० जातात, बोलल्यास केवळ ५०. त्यांचे आठ होत असतील तर आपले दहा होतात. गप्प बसल्यास ५० मिळतात, बोलल्यास १७०. प्रत्यक्ष स्थिती यांपैकी कोणती, हे न कळताही तीन इस्पिक ही बोली तिन्ही ठिकाणी योग्य ठरते. एकूण हुकूम सोळाच असते तर चित्र पालटले असते. दोन्ही पक्षांचे आठ-आठ हात झाल्यास बोलणाऱ्याच्या पदरी ५० मिळण्याऐवजी ५० देणे आले असते.

कोहेन यांनी दुरुस्त्यांची चर्चा टाळलेली नाही. प्रतिपक्षाच्या रंगातील राणी-गुलामांसारखी पाने एकूण हात कमी करतात, दोन रंगांतील जुळणी ते वाढविते, हे त्यांनी सविस्तर सांगितले आहे. परंतु पुस्तकाची समग्र शैली, ‘नियम’ या शब्दाचा ठाशीव वापर आणि नियम पाळणाऱ्याला मिळालेल्या यशाची उदाहरणे, यांमुळे वाचकाच्या मनावर ठसते ते सूत्र. दुरुस्त्या तळटीपेसारख्या उरतात. कोहेन यांच्या मांडणीवरील मुख्य आक्षेप त्यांच्या गणितावर नसून या भारव्यवस्थेवर आहे.

४. नियमाच्या कक्षेबाहेरचे : एक वाटप

नियमाची मर्यादा समजण्यासाठी एक वाटप मुद्दाम रचून पाहणे उपयुक्त ठरेल. दक्षिणेकडे इस्पिक ५, बदाम २, चौकट ३, किलवर ३ आणि उत्तरेकडे इस्पिक ४, बदाम २, चौकट ४, किलवर ३ अशी पाने आहेत. इस्पिक व चौकट या रंगांतील चारही मोठी पाने या जोडीकडे असून किलवरची राणी, गुलाम व दश्शी दक्षिणेकडे आहेत. बदामाची सर्व मोठी पाने पूर्व-पश्चिम जोडीकडे आहेत. बदामाचे एक्का-राजा आणि किलवरचे एक्का-राजा पश्चिमेकडे आहेत. पश्चिमेचे बदाम ५ व पूर्वेचे ४. इस्पिक दोघांकडे प्रत्येकी २.

पहिल्या स्थितीत पश्चिमेकडे चौकट ३ व किलवर ३, पूर्वेकडे चौकट ३ व किलवर ४ आहेत. बदाम हुकूम असता पूर्व-पश्चिम जोडीचे इस्पिकमध्ये दोन, चौकटमध्ये तीन व किलवरमध्ये एक असे सहा हात जातात. त्यांना सात मिळतात. इस्पिक हुकूम असता दक्षिण-उत्तर जोडीचे बदामाचे दोन व किलवरचे दोन हात जातात. त्यांना नऊ मिळतात. बेरीज सोळा.

दुसऱ्या स्थितीत एवढाच बदल करू की पश्चिमेची दोन लहान चौकट पूर्वेला द्यायची आणि पूर्वेची दोन लहान किलवर पश्चिमेला. आता पश्चिमेकडे चौकट १, किलवर ५ आणि पूर्वेकडे चौकट ५, किलवर २ आहेत. बदाम हुकूम असता चौकटमध्ये एकच हात जातो आणि किलवरची तिसरी फेरी पूर्व हुकमाने मारते. म्हणून पूर्व-पश्चिम जोडीचे दहा हात होतात. इस्पिक हुकूम असता पश्चिम किलवरचे एक्का व राजा खेळून तिसरे किलवर पूर्वेला हुकमाने मारू देते. दक्षिण-उत्तर जोडीचे आठच हात होतात. बेरीज अठरा.

दोन्ही स्थितींत एकूण हुकूम अठराच आहेत. एकही मोठे पान हललेले नाही. दक्षिण व उत्तर यांच्या हातातील पानांत तर तिळमात्र फरक नाही. तरीही निर्णयाचे फळ उलटेपालटे होते. प्रतिपक्षाच्या तीन बदामांवर डबल दिल्यास पहिल्या स्थितीत ३०० गुण मिळतात, दुसऱ्या स्थितीत ६३० द्यावे लागतात. तीन इस्पिक बोलल्यास पहिल्या स्थितीत १४० मिळतात, दुसऱ्या स्थितीत ५० जातात. नियम दोन्ही ठिकाणी तीन इस्पिक बोलण्यास सांगतो. पहिल्या स्थितीत ते सुरक्षित पण अल्पलाभाचे, दुसऱ्या स्थितीत ते सर्वोत्तम. कोणती स्थिती प्रत्यक्षात आहे हे पानांकडे पाहून कळणे अशक्य आहे. ते कळू शकते केवळ बोलीतून. पश्चिमेने बदामानंतर किलवरही बोलले असेल, तर तिच्याकडे दुसरा लांब रंग आहे आणि म्हणून कोठेतरी उणीव आहे, हा निष्कर्ष दक्षिणेला काढता आला पाहिजे.

५. लॉरेन्स-विर्ग्रेन : खंडन आणि पर्याय

नेमक्या याच मुद्द्यावर २००४ साली लॉरेन्स व विर्ग्रेन यांनी ‘आय फॉट द लॉ ऑफ टोटल ट्रिक्स’ हे पुस्तक लिहिले. हात निर्माण होतात ते हुकमांच्या लांबीतून नव्हे, तर रंगांच्या तुटवड्यातून आणि उपयोगी ठिकाणी असलेल्या मोठ्या पानांतून, असा त्यांचा सिद्धान्त आहे. हुकूम लांब असण्याबरोबर इतर रंग आखूड असण्याची शक्यता वाढते, म्हणून नियम खरा भासतो. कारण मात्र वेगळेच असते. संगणकाने तपासलेल्या वाटपांत एकूण हात एकूण हुकमांइतके तंतोतंत भरण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्केच आढळते, हे त्यांच्या बाजूचे बळकट प्रमाण आहे.

त्यांचे पर्यायी सूत्र असे : जोडीच्या दोन वेगवेगळ्या रंगांतील सर्वांत आखूड दोन लांबींची बेरीज करावी, ती तेरातून वजा करावी, उपयोगी गुण १९ ते २१ असतील तर येणारा आकडा म्हणजे अपेक्षित हात. दर तीन गुणांमागे एक हात वाढवावा वा कमी करावा. वरील वाटपाच्या पहिल्या स्थितीला हे सूत्र लावले आणि सर्व मोठी पाने उपयोगी धरली, तर पूर्व-पश्चिम जोडीला सात व दक्षिण-उत्तर जोडीला नऊ हे आकडे बरोबर येतात. येथे व्हेर्न यांचा नियम दोन हातांनी चुकला होता. परंतु दुसऱ्या स्थितीत हे सूत्र दोन्ही जोड्यांना नऊ-नऊ हात देते, प्रत्यक्षात मात्र दहा व आठ होतात. म्हणजे तेथे बेरजेचा नियम बरोबर आणि सुधारित सूत्र प्रत्येक बाजूला एकेका हाताने चुकीचे, अशी गमतीची अवस्था होते.

एका उदाहरणावरून सूत्र बाद ठरत नाही, हे उघड आहे. त्याहून मूलभूत अडचण दुसरीच आहे. भिडूच्या आखूड रंगाची लांबी आणि त्याची कोणती मोठी पाने उपयोगी ठिकाणी आहेत, ही माहिती बोलीच्या वेळी क्वचितच हाती असते. हुकमांची संख्या मात्र दोन-तीन बोलींत बऱ्यापैकी कळते. अधिक खरे पण वेळेवर न मिळणारे ज्ञान आणि कमी खरे पण वेळेवर मिळणारे ज्ञान, यांतून स्पर्धकाला निवड करावी लागते. लॉरेन्स व विर्ग्रेन यांनी कारणमीमांसा निःसंशय अधिक सखोल केली. पण जे सूत्र पाने उघडी पडल्यानंतर उत्तम चालते, ते बोलीच्या क्षणी तितकेच चालेल असे गृहीत धरले.

६. अचूकता आणि किंमत

‘४० टक्के’ या आकड्यामुळे नियमाचा निकाल लागला, असे मानणेही घाईचे ठरेल. नियमाने दिलेला आकडा चुकणे आणि त्यावरून घेतलेला निर्णय चुकणे, या दोन निराळ्या घटना आहेत. मागील अठरा हुकमांच्या उदाहरणात एकूण हात प्रत्यक्षात सतराच निघाले, असे धरू. त्यांचे नऊ व आपले आठ असतील, तर तीन इस्पिक बोलून ५० जातात, गप्प बसून १४० गेले असते. त्यांचे आठ व आपले नऊ असतील, तर १४० मिळतात, एरवी ५० मिळाले असते. नियम एका हाताने चुकूनही निर्णय दोन्ही वेळा बरोबर राहतो. दोन्ही पक्षांचे आठ-आठ हात झाले, म्हणजे नियम दोन हातांनी चुकला, तेव्हा कोठे निर्णय तोट्याचा होतो. तो तोटा १०० गुणांचा, म्हणजे सांघिक सामन्यांच्या आय.एम.पी. कोष्टकात ३ चा असतो. उलट दोन्हीकडे नऊ-नऊ हात होत असताना गप्प राहण्याचा तोटा २८० गुणांचा, म्हणजे ७ आय.एम.पी.चा असतो. गुणपद्धतीतच ही विषमता दडलेली आहे. म्हणून अर्ध्याहून अधिक वेळा आकडा चुकणारा नियमही दीर्घकाळात हितावह ठरू शकतो.

हीच विषमता स्थितीनुसार बदलते, आणि तेथे नियम मौन पाळतो. दोन्ही पक्ष व्हल्नरेबल असताना प्रतिपक्षाने डबल देऊन एक हात पाडला तर २०० गुण जातात. जोड्यांच्या स्पर्धेत, जेथे इतर टेबलांवरील गुणांशी तुलना होते, तेथे ११० किंवा १४० देणारे सर्वजण अशा जोडीच्या पुढे जातात. त्यांचे नऊ व आपले आठ हात ही जी स्थिती पूर्वी आपल्या लाभाची होती, तीच आता तोट्याची होते. सांघिक सामन्यात हा तोटा ६० गुणांचा, म्हणजे २ आय.एम.पी.चा; जोड्यांच्या स्पर्धेत मात्र ते वाटप जवळजवळ हातचे जाते. पाने तीच, हुकूम तेवढेच, नियमही तोच. परंतु चुकीची किंमत बदलल्यामुळे योग्य बोली बदलते. हुकमांची मोजदाद करणारा कोणताही नियम ही किंमत सांगू शकत नाही.

७. निर्णयशक्तीचे स्वरूप

मग बोलीतील निर्णयशक्ती म्हणजे नेमके काय? ती अंतःप्रेरणा आहे असे म्हणून सोडून देणे हा विवेचनाचा पराभव ठरेल. वरील चर्चेतून तिची तीन अंगे स्पष्ट होतात. पहिले अंग, हुकमांच्या लांबीवरून प्रारंभीचा अंदाज बांधणे. येथे व्हेर्न यांचा नियम अद्याप सर्वांत सुलभ साधन आहे. दुसरे अंग, बोललेल्या आणि न बोललेल्या बोलींतून तो अंदाज सुधारणे. येथे लॉरेन्स-विर्ग्रेन यांनी दाखविलेली दिशा, म्हणजे आखूड रंग व उपयोगी पाने शोधणे, अधिक फलदायी आहे. तिसरे अंग, अंदाज चुकल्यास काय द्यावे लागेल याचा हिशेब करणे; या अंगाला दोन्ही पक्षांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी जागा मिळालेली नाही. ही तिन्ही अंगे शिकविता येतात. मात्र त्यांचा परस्परांशी मेळ कोणत्या क्षणी कसा घालावा, याचे चौथे सूत्र असू शकत नाही. ते असते तर त्यालाही अपवाद असते, आणि ते ओळखण्यासाठी पुन्हा निर्णयशक्तीच लागली असती.

८. समारोप

कोहेन यांच्या पुस्तकाने एका पिढीला गुणांऐवजी हुकूम मोजायला शिकविले, आणि लॉरेन्स-विर्ग्रेन यांच्या पुस्तकाने त्या पिढीला हुकमांच्या पलीकडे पाहायला लावले. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी आवश्यक होती. त्यांच्यातील वाद ‘नियम खरा की खोटा’ या प्रश्नाभोवती फिरत राहिला, ही त्या वादाची मर्यादा होय. विचारावयाचा प्रश्न असा होता की, हा नियम कोणाला, कोणत्या क्षणी आणि किती किमतीत उपयोगी पडतो. नवशिक्याच्या हाती तो काठीसारखा असतो. अनुभवी स्पर्धकाच्या हाती तो मोजपट्टीसारखा असावा. माप घ्यावे, पण कापड कोठे कापायचे ते अंगाकडे पाहून ठरवावे. व्हेर्न यांनी आपल्या नियमाबरोबरच दुरुस्त्याही दिल्या होत्या. पुढील काळात नियमाला प्रसिद्धी मिळाली आणि दुरुस्त्या मागे पडल्या. कोणत्याही विद्याशाखेत सूत्र शिकविणे सोपे व सूत्राच्या मर्यादा शिकविणे कठीण असते. ब्रिजच्या टेबलावर या कठीण भागाकडे केलेल्या दुर्लक्षाचा हिशेब मात्र तेरा हात संपताच समोर येतो, आणि म्हणूनच हा खेळ अभ्यासकाच्या गंभीर लक्षास पात्र आहे.